बाहेरून बसणारी मुलगी

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माझा पुतण्या रोह्याहून पेणला आला तो एक प्रश्न घेऊनच. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात तो नोकरीला आहे. मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झालेली. तिने अकरावीला प्रवेश घ्यायचाच नाही असे ठरवले होते. घरी बसून, संगणकावर शिकून, केंब्रिजची ‘ए लेव्हल’ परीक्षा द्यायची, आणि तीही दोन वर्षांची एका वर्षात, असा तिचा बेत. विषय तीन : गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, तुम्ही ३२ वर्षे विज्ञान शिकवलेत. हे खरे की खूळ, तेवढे सांगा. तुम्ही हो म्हणालात तर पैसे भरतो.’’ पैसे थोडेथोडके नव्हते. त्याच्या चार महिन्यांच्या पगाराएवढे होते.

निवृत्त मास्तराला कोणी असे काही विचारले की आधी बरे वाटते आणि मग घाम फुटतो. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

शाळा-कॉलेजात न जाता परीक्षा द्यायची म्हणजे काहीतरी भलतेच, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले. मला ते पटले नाही. आपल्याकडे ‘बाहेरून बसणे’ हा शब्दप्रयोग मुळात आला कुठून? माझ्या थोरल्या भावाने पोस्टात नोकरी करीत बाहेरून बी. ए. केले. कोकणातल्या किती प्राथमिक शिक्षकांनी आणि मुंबईच्या किती कारकुनांनी असेच केले असेल, त्याची मोजदाद नाही. दहावी-बारावीला बाहेरून बसणाऱ्यांसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. १९८९ साली तर एकाच वर्षी दिल्लीला राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले. खुद्द मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे केवळ परीक्षा घेण्यासाठी. शिकवायचे काम कॉलेजांचे. केंब्रिजनेही १८५८ पासून शाळांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली आणि १८६३ मध्ये आपली प्रश्नपत्रिका थेट त्रिनिदाद बेटावर पाठवली. ‘ए लेव्हल’ हे नाव त्या मानाने अलीकडचे, १९५१ चे. परीक्षा एकीकडे आणि शिक्षण दुसरीकडे, ही गोष्ट म्हणजे चांगली दीडशे वर्षांची जुनी आहे.

शिवाय आपण ज्याला कॉलेजात जाणे म्हणतो, ते तरी आता काय राहिले आहे? विज्ञान शाखेची कितीतरी मुले कॉलेजात नाव घालतात आणि दिवसभर क्लासला बसतात. ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नाव घेऊन हा व्यवहार राजरोस चालतो. २०१८ साली राज्य सरकारला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, यातच सारे आले. ही मुलेही बाहेरूनच बसलेली असतात. फक्त कागदावर ती आत असतात. माझी नात निदान उघडपणे बाहेर बसणार होती, आणि ते मला आवडले.

रोह्यात राहून केंब्रिज हा शब्द काढला की चिंतामणराव देशमुखांची आठवण होणारच. त्यांचे बालपण रोह्यात गेले. १९१२ साली मॅट्रिकला पहिला नंबर, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग एल्फिन्स्टन कॉलेज, आणि तेथून केंब्रिजचे जीझस कॉलेज. १९१७ मध्ये त्यांनी नॅचरल सायन्सेसची ट्रायपॉस केली, वनस्पतिशास्त्राचे बक्षीस मिळवले, आणि १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिले आले. पुढची रिझर्व्ह बँक आणि अर्थमंत्रिपद सर्वांना माहीत आहे. त्यांच्या काळी केंब्रिजला जायचे तर बोटीने जावे लागे. आता केंब्रिजच कुंडलिकेच्या काठी घरात येऊन बसते, लाईट असेल तर.

पण परीक्षांच्या या मोहाला उतारा म्हणून दुसरा माणूस आमच्या पेण तालुक्यातच सापडतो. गागोद्याला १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा. १९१६ साली ते इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीची गाडी धरली. प्रमाणपत्रे त्यांनी त्याआधीच जाळली होती. हे मी नातीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आजोबा, मला काशीला नाही जायचंय. मला लवकर सुटायचंय.’’

कशातून सुटायचे आहे, हे तिला नीट सांगता येईना. मी जे ऐकले त्याचा सारांश असा : गणितात ती वर्गाच्या पुष्कळ पुढे आहे, आणि गेली दोन वर्षे इतरांसाठी थांबून तिला कंटाळा आला आहे. ही तक्रार मी ३२ वर्षांत तीन-चार मुलांकडून ऐकली असेन. दरवेळी मी ‘थांब जरा’ असेच म्हणालो. बरोबर केले असे आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. केंब्रिजच्या हिशेबाने ए लेव्हलच्या एका विषयाला शिकवण्याचे ३६० तास लागतात. तीन विषयांचे १०८०. गणपतीपासून मेच्या परीक्षेपर्यंत ३५ आठवडे धरले, तर आठवड्याला जवळजवळ ३१ तास, म्हणजे रविवार सोडून रोज पाच तासांहून थोडे अधिक. अशक्य मुळीच नाही. पण हे झाले ऐकण्याचे तास. गणिते सोडवणे, चुकणे, चूक का झाली ते शोधणे, हे सारे याबाहेरचे. पेणला आमच्या आळीतल्या कारखान्यांत मूर्ती घडताना मी जन्मभर पाहिल्या आहेत. प्लॅस्टरची मूर्ती साच्यातून भराभर निघते. शाडूची वाळायला वेळ घेते, आणि घाईने उन्हात ठेवली तर तडकते. ही तुलना फार ताणू नये. मुले म्हणजे माती नव्हे, आणि काही मुले खरोखरच लवकर वाळतात. उशिराचेही काही आपोआप चांगले होत नाही. महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर पट्ट्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हा पहिलीत असलेले मूल बारावी होऊन बाहेर पडले, तरी ते काम काही पुरते झाले नव्हते.

मला खरी भीती होती ती प्रयोगशाळेची. केंब्रिजच्या भौतिकशास्त्रात पहिल्या टप्प्याला, म्हणजे ‘एएस’ला, दोन तासांचा प्रात्यक्षिकाचा पेपर असतो आणि त्या टप्प्याचे २३ टक्के गुण त्यावर असतात. रसायनातही प्रात्यक्षिक आहेच. संगणकावर सर्किट जोडता येते, रंग बदलताना पाहता येतो. पण ब्यूरेटची तोटी नेमकी कधी बंद करायची, हे बोटांना कळावे लागते. पिअर्सन एडेक्सेल या दुसऱ्या मंडळाने प्रात्यक्षिकाच्या जागी लेखी पेपर ठेवून खासगी परीक्षार्थींची सोय केली आहे. सोय उत्तम. मला मात्र ती पोहण्याची लेखी परीक्षा वाटते.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात राहिलेली नाही. २०२० साली करोनामुळे मे-जूनच्या परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा शाळांनी आपापल्या विद्यार्थ्यांचे अंदाजी गुण कळवले आणि त्यावर निकाल लागले. बाहेरून बसलेल्या अनेकांना निकालच मिळाला नाही. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहील असा शिक्षक केंद्रावर नव्हता. मुलाला ओळखणारा कोणी मोठा माणूस असणे, ही शाळेची एक सेवा आपण कधी फीमध्ये धरत नाही.

बाकीच्या गोष्टी चौकशीच्या आहेत. जेईईसाठी ए लेव्हल बारावीला समकक्ष मानतात. इतरत्र प्रवेशाला भारतीय विश्वविद्यालय संघाचे समकक्षता प्रमाणपत्र मागतात. घरी शिकून, बाहेरून दिलेल्या परीक्षेला ते मिळेल का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. राज्याच्या कोट्यातील जागांचे नियमही दहावी-बारावी कोठे केली यावर फिरतात. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, तोवर आपल्याकडचे बरेच प्रवेश आटोपलेले असतात. म्हणून केंब्रिज भारतासाठी मार्चमध्ये वेगळी परीक्षा घेते, तिचा निकाल मेमध्ये हाती येतो. जाहिरातींत हे बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच.

आठ दिवसांनी मी दिवा-रोहा गाडीने रोह्याला गेलो आणि माझे म्हणणे मांडले. गणित पुरे एका वर्षात कर, तिथे तुला अडवायचे कारण नाही. भौतिक आणि रसायन मात्र टप्प्याने. यंदा एएस, पुढल्या वर्षी उरलेले. ही सवलत त्या परीक्षेतच आहे, ती न घेता सगळे एका दमात गिळायचा हट्ट कशाला? आणि प्रात्यक्षिक असलेलेच मंडळ घ्यायचे. त्यासाठी मुंबईला केंद्र शोधत चपला झिजल्या तरी चालेल. नात रुसली. ‘‘म्हणजे दोन वर्षंच झाली की, आजोबा!’’ हिशेबाने तिचे बरोबर होते. पुतण्याला सुटल्यासारखे झाले, कारण पैसेही दोन हप्त्यांत विभागले गेले. सुनेने काही न बोलता चहा ठेवला. मुलगी दिवसभर घरात एकटी असणार, ही तिची काळजी माझ्या कुठल्याच हिशेबात बसली नव्हती, हे मला परतीच्या गाडीत, नागोठण्याच्या आसपास सुचले.

मग एक व्यवस्था केली. ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी शनिवारी दुपारी शाळेची प्रयोगशाळा उघडून द्यायचे कबूल केले. माझ्या वेळचा प्रयोगशाळा सहायक, आता तोही निवृत्त, हौसेने येऊन बसतो. नात सकाळच्या गाडीने पेणला येते, आमच्याकडे जेवते. तिच्या ऑनलाइन तासिका लंडनच्या वेळेनुसार, तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार. शनिवारची तेवढी ती प्रयोगशाळेच्या बाकावर फोन उभा करून ऐकते.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच शनिवारी टायट्रेशन होते. फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग यायचा, तो गडद झाला. एक थेंब नव्हे, चांगला अर्धा मिलिलिटर जास्त पडला होता. तिने फ्लास्क धुतला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गडद. एकमेकांशी जुळणारी तीन वाचने मिळेपर्यंत पाच वाजून गेले, आणि साडेतीनची लंडनची तासिका बुडाली. फोन बाकावर पालथा पडून होता. ती मला म्हणाली, ‘‘आजोबा, पुढच्या शनिवारी आपण लवकर उघडूया का?’’