नमस्कार दोन्ही बाजूंनी

आपल्याकडे ‘आदर’ ही वन-वे वाहतूक आहे. ज्युनिअरने सीनिअरला द्यायचा, सीनिअरने सरांना आणि सरांनी एचओडींना. वरून खाली येतात ते फक्त सबमिशनच्या आठवड्यातले रिमार्क! म्हणून मला वाटतं, आपण सगळ्यांनी एकदा तरी कराटेचा क्लास बघावा.

सणसवाडी म्हणजे नगर रोडवरचं कंपन्यांचं गाव. इथेही संध्याकाळी पांढरा ड्रेस घातलेली, कमरेला रंगीत बेल्ट बांधलेली मुलं क्लासला जाताना दिसतात. क्लास सुरू होताना सगळे गुडघ्यांवर बसतात. ‘सेन्सेई नी रेई’ अशी आज्ञा होते, म्हणजे गुरूंना नमस्कार. मुलं वाकतात आणि सेन्सेईसुद्धा मुलांसमोर वाकतात! मग ‘ओतागाई नी रेई’, म्हणजे एकमेकांना नमस्कार. ‘सेन्सेई’चा शब्दशः अर्थ ‘आधी जन्मलेला’. थोडक्यात, याच वाटेवर आपल्यापुढे चाललेला माणूस, देव नव्हे.

हे नुसतं नाटक नाही. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी हे पेशाने शाळामास्तर. १९२२ साली त्यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे ही कला जपानभर पसरली. त्यांच्या वीस नियमांतला पहिलाच नियम असा, की कराटेची सुरुवातही नमस्काराने आणि शेवटही नमस्काराने. कारण अगदी प्रॅक्टिकल आहे. जोडीदाराच्या नाकापर्यंत ठोसा न्यायचा आणि लागायच्या आत थांबवायचा, तर दोघांचा एकमेकांवर भरवसा हवा. तो नसेल तर दुखापत ठरलेलीच.

हे आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही. आपल्या तालमीत पैलवान आखाड्याची माती कपाळाला लावतो आणि कुस्तीआधी समोरच्याशी हात मिळवतो. वस्तादाचा धाक असतो, पण पोरगा चितपट झाला की त्याला उचलायला वस्तादच धावतो.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ‘गुड मॉर्निंग टीचर’ आम्ही एका सुरात म्हणायचो. पण सूर म्हणजे आदर नव्हे. सर वर्गात आले की उभं राहायचं आणि मागच्या बाकावर मोबाईल चालू ठेवायचा, यातही आदर नाही. आणि शंका विचारली की ‘शहाणपणा करू नकोस’ असं ऐकवणं, यातही नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. नमस्कार म्हणजे तोंड बंद ठेवायचा करार नव्हे. शिकवणाऱ्याने शिस्तीच्या नावाखाली मारलं, अपमान केला किंवा नको तिथे हात लावला, तर गप्प बसणं हा आदर नाही, ती भीती आहे. हॉस्टेललाही हेच लागू. कराटेत सीनिअरला ‘सेंपाई’ म्हणतात आणि नवख्याला सांभाळून घेणं ही त्याची जबाबदारी असते. आपल्याकडे मात्र सीनिअरना आवरायला महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. काय हे!

मित्रांनो, आपण वेळेवर वर्गात जाऊ, शिकवताना लक्ष देऊ, पटलं नाही तर नीट शब्दांत विचारू. आणि सर-मॅडम, कॉरिडॉरमध्ये आम्ही ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तर तुम्हीही मान हलवून उत्तर द्या. सेन्सेई रोज वाकतात, म्हणून त्यांचा ब्लॅक बेल्ट काही खाली घसरत नाही!