टेंट घेतलास, पण लावून पाहिलास का?

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की आमच्या हपिसातल्या चार-दोन मंडळींना झिरोचे वेध लागतात. झिरो म्हणजे शून्य नव्हे (आम्ही प्रोग्रामर लोक मोजायला तिथूनच सुरुवात करतो, पण ते असो), तर अरुणाचल प्रदेशातलं आपातानी लोकांचं खोरं. बॉबी हानो आणि अनुप कुट्टी यांनी २०१२ साली तिथे संगीत महोत्सव सुरू केला. साधारण सप्टेंबरच्या शेवटी, चार दिवस, उघड्यावर, बांबूच्या स्टेजवर, दीड हजार मीटरहून जास्त उंचीवर. जावंच अशी जागा आहे, जाण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझं भांडण आहे ते पहिल्यांदा कॅम्पिंगला निघालेल्या माणसाच्या हातात जी यादी कोंबली जाते, तिच्याशी.

काय काय असतं त्या यादीत! दिव्यांच्या माळा. झोपाळा. हवेची गादी. घडीची खुर्ची. ब्लूटूथ स्पीकर (अरे बाबांनो, गाणं ऐकायलाच चाललाय ना?). आणि मग कुठेतरी अठराव्या नंबरावर, "पाऊस आल्यास पाँचो". आल्यास? सप्टेंबरअखेर अरुणाचलातून पावसाळा गेलेला नसतो. तिथे पाऊस हा अपवाद नाही, मूळ रिक्वायरमेंट आहे.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "पाऊस आम्हाला काय शिकवता? भर जुलैत राजमाची केलाय." केला असेल हो. पण रात्री झोपलात कुठे? उधेवाडीत कोणाच्या तरी घरात, पिठलं-भाकरी हाणून, कोरड्या सतरंजीवर. भिजत चालणं वेगळं आणि ओल्यात झोपणं वेगळं. चालताना अंग गरम असतं. झोपलेल्या माणसाची ऊब ओले कपडे आणि थंड जमीन मिळून शोषून घेतात, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. दहा-पंधरा अंशांतही माणूस गारठून आजारी पडतो. जपानच्या फुजी रॉकचं पहिलं वर्ष आठवा, १९९७. डोंगरात वादळ आलं, टीशर्टवर आलेले लोक गारठले आणि दुसरा दिवस रद्द करावा लागला. लोकांकडे खुर्च्या नव्हत्या म्हणून नव्हे!

आता टेंटबद्दल. दुकानदार सांगतो, "साहेब, ३००० एमएमचा आहे, वॉटरप्रूफ." त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही. शिवणी, चेन आणि तुमचा स्वतःचा श्वास यांबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही. रात्रभर दोन माणसं आत श्वास सोडतात, ती वाफ गार कापडावर धरते आणि पहाटे टपटप अंगावर पडते. नवखा माणूस थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद करतो आणि सकाळी कंपनीच्या नावाने खडे फोडतो. झडपा उघड्या ठेवा. बाहेरचं कापड तणाव्यांनी असं ताणा, की ते आतल्या कापडाला कुठेच चिकटणार नाही. आणि खाली अंथरायचं प्लॅस्टिक टेंटच्या कडेबाहेर एक बोटभरही येऊ देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी त्यावर गोळा होऊन सरळ तुमच्या पाठीखाली येतं.

याद्यांमधला सगळ्यात संतापजनक सल्ला म्हणजे "टेंटभोवती चर खणा". कोणाच्या जमिनीत? आपातानी लोक भाताच्या खाचरातच मासे वाढवतात. पाटांतून पाणी कुठून कुठे न्यायचं, बांध कुठे घालायचा, हे त्यांनी पिढ्यानपिढ्या बसवलेलं गणित आहे. पाण्याचं शास्त्र कोळून प्यालेल्या माणसांच्या दारात जाऊन आपण पुण्याहून आणलेल्या फावड्याने निचरा शिकवायचा? टेंट जरा उंचवट्यावर लावा, काम झालं. कॅम्पची जागा ठरवून दिलेली असेल तर तिथल्या माणसाला विचारा, पाणी कुठून वाहतं म्हणून. तो सांगतो.

बाकीचं भराभर. जीन्स नको, एकदा भिजली की वाळत नाही. पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाली की ऊब देत नाही, साधी सिंथेटिक बरी. हवेच्या गादीपेक्षा फोमची चटई, कारण गादीतली हवाही गारच असते. मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी, पिशवीत बांधून, दिवसा हात लावायचा नाही. आणि कितीही पाऊस असो, शेगडी किंवा गॅस टेंटच्या आत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. ही एक ओळ यादीत पहिली हवी, ती मला एकाही यादीत दिसली नाही.

आणि हो, टेंट विकतच घ्यायला हवा असं कोणी सांगितलं? तिथे भाड्याने लावलेले मिळतात, मी तेच घेतो. पण घेणारच असाल तर निघण्याआधी एका रात्री सोसायटीच्या गच्चीवर लावा, मित्राला वरून दोन बादल्या ओतायला सांगा आणि आत झोपा. सेक्रेटरी ओरडेल, ओरडू दे :) गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, तणावे पाण्याच्या कॅनना बांधा.

गमबूट मात्र इथून ओझं करून नेऊ नका, हापोलीच्या बाजारात घ्या. इनर लाइन परमिटची छापील प्रत जवळ असू द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मोबाइलचा भरवसा नाही, तोही भिजतो.