रंगवलेल्या गावाचे सुतक

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी 'डिस्नेलँड' हे क्रीडा-उद्यान सुरू झाले. त्याचे जुने नकाशे, तिकिटे व नियतकालिके जिवापाड जपणारे लोक आहेत, आणि त्यांस हसणारेही आहेत. आम्ही हसणाऱ्यांत नाही. परंतु नुसते उसासे टाकणाऱ्यांच्या पंक्तीसही आम्हांस बसवत नाही.

त्यांस आमचा प्रश्न असा की, आपण गमावला तो काळ खरोखर होता काय? तेथील 'मेन स्ट्रीट' हा रस्ता वॉल्ट डिस्ने यांच्या बालपणीच्या, मिसूरीतील मार्सेलीन गावाच्या आठवणीवर रचलेला. इमारती उंच भासाव्यात म्हणून वरचे मजले मुद्दाम लहान प्रमाणात बांधलेले. 'फ्रंटियरलँड'मध्ये मूळच्या अमेरिकन जमातींतील माणसे प्रेक्षकांपुढे नृत्य करीत. ज्यांची भूमी हिरावली गेली, त्यांचे नृत्य तेवढे करमणुकीस उरले! ते 'इंडियन व्हिलेज' १९७१ साली बंद झाले. त्यासाठी हळहळणे म्हणजे चित्रातल्या गावाचे सुतक पाळणे होय.

मग ती जुनी पाने रद्दीत घालावीत काय? मुळीच नव्हे. 'टुमॉरोलँड'ने १९५५ साली १९८६ चे जग दाखविण्याचा संकल्प सोडला होता. योगायोग असा की, त्याच १९८६ साली लिऑन व जॅक जान्झन या बंधूंनी मागे वळून पाहणारे 'द ई टिकेट' हे नियतकालिक काढले. नाव घेतले ते १९५९ साली आलेल्या व १९८२ साली बंद पडलेल्या सर्वांत महाग तिकिटाचे. २००९ पर्यंतच्या ४६ अंकांत त्यांनी केवळ उसासे छापले नाहीत. देखावे व यंत्रे घडविणाऱ्यांना गाठून, काय कसे केले ते विचारून लिहून ठेवले. तेथील प्लॅस्टिकचे 'भविष्यकालीन घर' १९५७ साली उभे राहिले आणि १९६७ साली हटविले गेले. अशा वास्तूंचे जे उरते, ते कागदावरच.

मालक नव्यासाठी जुने पाडणार आणि पाडलेल्याचीच आठवण पुन्हा विकणार. तो त्याचा धंदाच आहे. खरे काय ते टिपण्याचे काम निरपेक्ष हातांनीच व्हावयास हवे.

डोळस भक्ती व आंधळी भक्ती यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. स्मृतीचेही तसेच आहे. जुना अंक उराशी धरण्यापूर्वी तो उघडून वाचावा. त्यात काय लिहिले आहे ते पाहावे, आणि काय गाळले आहे तेही पाहावे.