बंगळूरच्या पडद्यावरचे एक वर्ष

बंगळूरच्या मुख्य बसस्थानकाला सरकारी कागदोपत्री केंपेगौडांचे नाव आहे. पण रिक्षात बसून कुणी ते नाव घेत नाही. सगळे म्हणतात, ‘मॅजेस्टिक’. हे नाव एका चित्रपटगृहाचे. ते चित्रपटगृह केव्हाच गेले, नाव मात्र साऱ्या परिसराला चिकटून राहिले. एखाद्या शहराचे सिनेमावेड मोजायला याहून वेगळी मोजपट्टी कशाला हवी?

अशा या शहराच्या सिनेमावेडाची खरी परीक्षा झाली ती २०२२ साली. कोरोनाने दोन वर्षे पडदे मिटलेले. जानेवारीत तिसरी लाट आली आणि पुन्हा निम्म्याच खुर्च्या भरायची सक्ती झाली. फेब्रुवारीत ती उठली, तेव्हा चित्रपटगृहांच्या मालकांपुढे एकच प्रश्न होता. घरबसल्या मोबाइलवर आणि टीव्हीवर सिनेमे बघायची सवय लागलेली कुटुंबे पुन्हा तिकिटाच्या खिडकीपाशी येतील का? त्याआधीच ‘कपाली’ २०१७ साली बंद झाले होते, ब्रिगेड रोडवरचे ‘रेक्स’ २०१८ च्या अखेरीस गेले होते. उरलेल्यांचे काय होणार, ही धास्ती होती.

वर्ष संपले तेव्हा उत्तर मिळाले होते. बंगळूरकरांनी त्या वर्षी मनापासून आपलेसे केलेले पाच चित्रपट असे आहेत, की ते एकमेकांशेजारी ठेवले तर एका वर्षाची गोष्ट आपोआप उलगडते.

धाकट्याला थोरल्याचा आवाज

या गोष्टीची सुरुवात आदल्या वर्षीच झाली होती. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनीत राजकुमार हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय अवघे ४६. डॉ. राजकुमारांचा हा धाकटा मुलगा. १९८५ च्या ‘बेट्टद हूवु’साठी त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि २००२ च्या ‘अप्पू’पासून तो साऱ्या कर्नाटकाचा ‘अप्पू’ झाला होता. त्याच दिवशी थोरला भाऊ शिवराजकुमार याचा ‘भजरंगी २’ प्रदर्शित झाला होता. त्याचे खेळ थांबवावे लागले. वडिलांप्रमाणेच पुनीतनेही नेत्रदान केले होते.

त्याचा ‘जेम्स’ हा चित्रपट तेव्हा अर्धामुर्धा हातात होता. चित्रीकरण बहुतेक झालेले, पण आवाजाचे काम राहिलेले. शिवराजकुमारने धाकट्या भावाच्या ओठांना आपला आवाज दिला आणि पुनीतच्या वाढदिवशी, १७ मार्च २०२२ रोजी, चित्रपट लागला. कथेत नवे काही नाही. सुरक्षारक्षकांचा प्रमुख, त्याच्यामागे लपलेला लष्करी जवान, सूड आणि मारामाऱ्या, असा नेहमीचा मसाला आहे. पण तो बघायला कुणी कथेसाठी गेलेच नव्हते. घरातल्या माणसाच्या वर्षश्राद्धाला जावे तसे लोक गेले. पुढे एप्रिलमध्ये तंत्राच्या साहाय्याने पुनीतचाच आवाज तयार करून ती आवृत्तीही दाखवली गेली. तरीही थोरल्याच्या आवाजातला पहिला ‘जेम्स’ अनेकांच्या मनात राहिला. त्यात तंत्राची सफाई कमी असेल, पण भावाची माया होती.

सोन्याची खाण, पडद्यावरची आणि खरी

१४ एप्रिलला ‘केजीएफ : चॅप्टर २’ आला आणि हिशेबाचे सगळे आकडे बदलले. दिग्दर्शक प्रशांत नील, नायक यश. एका बसचालकाचा हा मुलगा. पहिला भाग २०१८ च्या डिसेंबरात आला होता; दुसऱ्याची वाट लोक तीन वर्षांहून अधिक काळ पाहत होते. जगभरात हजार कोटी रुपयांपलीकडे गेलेला हा पहिला कन्नड चित्रपट.

चित्रपटातली ‘नराची’ ही खाण कल्पनेतली आहे. खरे कोलार गोल्ड फील्ड्स बंगळूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. तिथल्या ‘चॅम्पियन रीफ’ खाणीची खोली तीन किलोमीटरहून अधिक. या खाणींसाठीच १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून वीज आणली गेली. बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये. म्हणजे ज्या विजेवर पुढे या शहरातली चित्रपटगृहे उजळली, तिची वाट आधी खाणीकडे गेली होती. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या आणि हजारो कामगार कुटुंबांच्या पोटावर पाय आला. चित्रपटात हे दुःख नाही. तिथे आहे बंदुकांचा कडकडाट, संजय दत्तचा राक्षसी अधीरा, रवीना टंडनची करारी पंतप्रधान आणि आईला दिलेल्या वचनासाठी जग पेटवणारा रॉकी. रक्तपात इतका, की लहान मुलांना घेऊन बसावे असा हा चित्रपट नव्हेच. पण मोठ्या पडद्याशिवाय तो बघण्यात अर्थ नाही, हे त्याने सिद्ध केले आणि लोक घराबाहेर पडले.

मराठी वाचकांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. हिंदीत रॉकीच्या तोंडी जो भारदस्त आवाज ऐकू येतो तो मुंबईच्या सचिन गोळे या मराठी कलावंताचा आहे. हिंदीत या चित्रपटाने चारशे कोटींहून अधिक मिळवले, त्यात या आवाजाचा वाटा लहान नाही.

मुख्यमंत्र्यांना रडवणारी चार्ली

जूनच्या १० तारखेला एक लॅब्राडोर कुत्री पडद्यावर आली आणि बंदुका विसरायला लावून गेली. ‘७७७ चार्ली’ हा किरणराज के. यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. रक्षित शेट्टीने उभा केलेला धर्मा हा म्हैसूरचा कारखान्यातला कामगार. अपघातात घरचे सगळे गमावलेला, शेजाऱ्यांशी फटकून वागणारा, घर–कारखाना–भांडण–सिगारेट या रिंगणात अडकलेला. कुत्र्यांची पैदास करणाऱ्या एका निर्दय माणसाच्या तावडीतून सुटलेली चार्ली त्याच्या दारात येते. आधी नकोशी, मग लाडकी. आणि मग कळते की तिला कर्करोग आहे. तिला बर्फ आवडतो, म्हणून हा माणूस तिला घेऊन म्हैसूरहून थेट हिमालयाकडे निघतो.

उत्तरार्ध थोडा लांबला आहे, डोळ्यांतून पाणी काढायचा हिशेबही कुठे कुठे जाणवतो. पण पाणी येतेच. मुख्यमंत्री बसवराज बोम्मई हा चित्रपट बघून सर्वांसमक्ष रडले. त्यांच्या घरचे कुत्रे आदल्याच वर्षी गेले होते. राज्य सरकारने चित्रपटाला सहा महिने राज्याच्या करातून सूट दिली आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपटाचा खरा मुद्दा मात्र अश्रूंच्या पलीकडचा आहे. जातिवंत पिल्लांच्या हौसेपायी नात्यातल्याच कुत्र्यांची जुळवाजुळव केली जाते आणि त्याचे भोग मुक्या जिवाला भोगावे लागतात. पिल्लू विकत आणण्यापेक्षा दत्तक घ्या, हे चार्ली न बोलता सांगते. मुलांच्या हट्टाखातर पिल्लू आणायच्या बेतात असलेल्या घराने तर तो आधी पाहावाच.

ढोल कुणी वाजवायचा?

ऑगस्टच्या २६ तारखेला लागलेला ‘डोळ्ळु’ पहिल्या तिघांच्या मानाने छोटा. त्याच्यासाठी रांगा लागल्या नाहीत. पण बंगळूरच्या प्रेक्षकाला आरसा दाखवला तो यानेच. दिग्दर्शक सागर पुराणिक. गावातल्या तरुणांचे ढोलपथक असते. एकेक जण नोकरीसाठी बंगळूरला जातो आणि पथक मोडते. जत्रेला ढोल वाजला पाहिजे, म्हणून एक जण मित्रांना परत आणायला शहरात येतो. पण मित्रांकडे वेळ कुठे?

डोळ्ळु कुणित हे कुरुब समाजाचे, बीरेश्वराच्या भक्तीतले ढोलनृत्य. हा बीरेश्वर म्हणजे आपल्या धनगर बांधवांचा बिरोबा आणि हा ढोल आपल्या गजीनृत्यातल्या ढोलाचा सख्खा भाऊ. सांगली–सोलापूरच्या वाचकाला या चित्रपटात परके असे काही वाटणार नाही. जुलै २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘डोळ्ळु’ सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपट ठरला. त्याच यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट होता ‘गोष्ट एका पैठणीची’. एकीकडे ढोल, एकीकडे पैठणी. दोन्ही भाषांनी त्या वर्षी आपापल्या घरातलीच वस्तू पुढे ठेवली, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

राखणदाराची हाक

३० सप्टेंबरला मणिरत्नम यांचा भव्य ‘पोन्नियिन सेल्वन’ साऱ्या देशात लागला. त्याच दिवशी, फारसा गाजावाजा न करता, फक्त कन्नडमध्ये ‘कांतारा’ आला. लेखक, दिग्दर्शक आणि नायक एकच, ऋषभ शेट्टी. चित्रीकरण त्याच्याच केराडी गावी, कुंदापूर तालुक्यात. निर्माते मात्र ‘केजीएफ’चेच, होंबळे फिल्म्स, पण खर्च त्या मानाने अगदी थोडका.

गोष्ट जमिनीची आहे. एका राजाने मनःशांतीच्या बदल्यात गावाला जमीन दिली. वंशजांना ती परत हवी. त्यात वनखात्याचा कायदा आडवा. या भांडणावर नजर ठेवून असतात पंजुर्ली आणि गुळिग ही तुळुनाडूची दैवते, जी भूतकोला या विधीत माणसाच्या अंगात संचारून न्याय सांगतात. कोकणात ज्याने राखणदाराला नारळ ठेवला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. नायकाचे नायिकेशी वागणे मधूनमधून खटकते, विनोदही काही ठिकाणी ओढूनताणून आणलेला आहे. पण शेवटची वीस मिनिटे आणि त्यातली ती काळीज चिरणारी आरोळी! चित्रपटगृहात तेव्हा कुणी मोबाइलकडे पाहत नव्हते.

दोन आठवड्यांत, १४ ऑक्टोबरला, हिंदी आवृत्ती निघाली आणि पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ऋषभ शेट्टीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याहून मोलाची गोष्ट ऑक्टोबरातच घडली होती. राज्य सरकारने साठी ओलांडलेल्या दैवनर्तकांना दरमहा २,००० रुपये मानधन जाहीर केले. सिनेमाने कुणाच्या चुलीपर्यंत पोहोचावे, हे क्वचितच घडते.

वर्षाची सांगता

पुनीतच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, ‘गंधद गुडी’ लागला. वडिलांच्या १९७३ च्या गाजलेल्या चित्रपटाचेच नाव. पण यात नायक नाही, खलनायक नाही; अमोघवर्ष यांच्यासोबत कर्नाटकातली जंगले आणि समुद्रकिनारे हिंडणारा, सापाला घाबरणारा, साधा पुनीत आहे. चार दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विधानसौधासमोर त्याला मरणोत्तर ‘कर्नाटक रत्न’ देण्यात आले. पाहुण्यांत रजनीकांत होते, म्हणजे याच शहरात जन्मलेले, इथल्याच बसमध्ये तिकिटे फाडलेले शिवाजीराव गायकवाड. मराठी घरातला मुलगा, तमिळ पडद्याचा देव, कन्नड नटाच्या सन्मानाला. बंगळूरचे सारे रूप त्या व्यासपीठावर एकत्र आले होते.

या वर्षात एक विरोधाभास दडलेला आहे. कर्नाटकात परभाषी चित्रपट कन्नडमध्ये डब करायला अनेक दशके अलिखित बंदी होती. आपली भाषा, आपले कलावंत टिकावेत म्हणून साहित्यिक आणि नट रस्त्यावर उतरले होते. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने त्या बंदीविरुद्ध निर्णय दिला. आणि सातच वर्षांनी कन्नड चित्रपटांनी देश जिंकला तो डबिंगच्याच जोरावर! भिंत पडली तेव्हा घर लुटले जाईल ही भीती होती. प्रत्यक्षात घरातली माणसे बाहेर पडली आणि ओळख करून घेऊन आली. मात्र बाहेर नेण्याजोगे काही घरात होते, म्हणून. ‘कांतारा’ कुंदापूरच्या बोलीत आणि तुळू विधीत जितका खोल शिरला, तितका तो दूर पोहोचला.

यातून मराठीने काय घ्यावे? गावरहाटी, राखणदार, बिरोबा, दशावतार ही शिदोरी आपल्याकडेही आहे. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या ‘दशावतार’ला मिळालेला प्रतिसाद पाहिला तर प्रेक्षकही आहे, असेच म्हणावे लागेल.

बंगळूरपुढचा प्रश्न मात्र संपलेला नाही. २०२२ सारखे वर्ष लगेच पुन्हा आले नाही आणि १९७४ साली राजकुमारांच्या ‘बंगारद पंजर’ने सुरू झालेले ‘कावेरी’ चित्रपटगृह २०२४ मध्ये बंद झाले. एका चांगल्या वर्षाने चित्रपटगृहे वाचत नाहीत. पण लोक का येतात, हे त्या वर्षाने सांगून ठेवले आहे. गेलेल्या माणसाला निरोप द्यायला, डोळे दिपवून घ्यायला, कुत्र्यासाठी रडायला आणि आपल्याच गावचा देव पाहायला ते येतात. अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, अंधारात, एकत्र. ही सोय अजून कुठल्याही मोबाइलमध्ये निघालेली नाही.