साक्षीदार कोठें आहे?

खून झाला कीं गांवांत जो तो गुप्त पोलीस होतो. पारावर, सलूनांत, कारखान्याच्या फाटकाशीं एकच चर्चा चालते, आणि कोणी मारलें, कां मारलें, याचा निकाल तिसऱ्या प्रहरापर्यंत लागलेलाही असतो. पण फौजदारानें येऊन "पाहिलें कोणीं?" असें विचारलें कीं तोच पार ओस पडतो. तपासाला शंभर आणि साक्षीला एकही नाहीं, ही आमच्या चाकण-चिंचवड पट्ट्याचीच नव्हे, सगळ्या मुलखाची रड आहे.

शंभर वर्षांपूर्वींची मुंबईची एक हकीगत आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं ध्यानांत घ्यावी. 12 जानेवारी 1925 रोजीं सायंकाळीं मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याची मोटार एका टोळीनें अडविली. शेजारीं मुमताज बेगम बसली होती. इंदूरच्या होळकर महाराजांचा दरबार सोडून आलेल्या या बाईस बळजबरीनें परत न्यावें, हा टोळीचा बेत. बावलांस गोळ्या घातल्या, बाईच्या तोंडावर वार केले. इतक्यांत गोल्फ खेळून परतणारे कांहीं लष्करी अधिकारी तेथें आले. लेफ्टनंट सेगर्ट खेळाची काठी घेऊनच टोळीवर धांवले. स्वतः गोळ्या खाल्ल्या, पण बाईस नेऊं दिलें नाहीं. हल्लेखोरांपैकीं कांहीं जण जागींच धरले गेले.

पुढचें काम याहून मोठें. हे अधिकारी कोर्टांत उभे राहिले. मुमताज बेगमनेंही साक्ष दिली. आणि नाचणारी म्हणून जिला समाज हिणवीत होता, तिच्या शब्दापुढें संस्थानचा दरारा फिका पडला. हायकोर्टांत न्यायमूर्ति क्रम्प यांच्यापुढें खटला चालला. एका आरोपीचे वकील तर बॅरिस्टर जीना होते. तरीही तिघांना फांशीची शिक्षा झाली. महाराज स्वतः पिंजऱ्यांत उभे राहिले नाहींत. पण 1926 सालीं तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. होळकर हे बहुजनांतलें राजघराणें, म्हणून आम्हीं हें झांकून ठेवावें काय? मुळींच नाहीं. आपल्याला माफी आणि परक्याला फांशी, हा न्याय मनुस्मृतीचाच होय.

आतां दुसरी हकीगत पाहा. 1 जुलै 2018 रोजीं धुळे जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतल्या राईनपाडा गांवीं मुलें पळविणारी टोळी आली, अशी आवई मोबाइलवरून उठली. जमावानें ना चौकशी केली, ना पुरावा मागितला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षा मागून पोट भरणारे पांच जण ठेचून मारले. मुंबईंत डोळ्यांनीं पाहिलेलें सांगितलें गेलें. येथें कानांनीं ऐकलेल्यावर पांच जीव गेले. 1871 च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें कित्येक जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरविलें. तो कायदा 1952 सालीं रद्द झाला, पण आमच्या डोक्यांतून गेला नाहीं. चोरी झाली कीं पारधी, खून झाला कीं खोलीवर राहणारा परमुलखाचा मजूर, असें बोट आधीं उठतें. ज्यांच्या भाड्यावर आमचीं घरें चालतात, त्यांनाच आम्हीं पुराव्यावांचून खुनी म्हणावें, ही लाजेची गोष्ट आहे.

मग आम्हीं करावें तरी काय? प्रेत दिसलें तर जवळ गर्दी करूं नये. मातींतलें पाऊल, पडलेलें बटण, रक्ताचा डाग हेही साक्षीदारच आहेत. फोटो काढून गांवभर धाडूं नयेत. 112 क्रमांकावर कळवावें. पाहिलें तेवढेंच सांगावें, तर्क जोडूं नये. पंच म्हणून बोलावलें तर जावें, मात्र पंचनामा वाचून किंवा वाचून घेतल्यावांचून सही वा अंगठा देऊं नये. फिर्याद देणाऱ्यास तिची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यावी. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू आहे. त्यांत झडती व जप्तीचें चित्रीकरण करण्यास सांगितलें आहे. तें होतें कीं नाहीं, यावर नजर ठेवणें हा आपला हक्क आहे.

"शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये" ही म्हण बांधाच्या भांडणांत शेत घालवून बसलेल्याच्या तोंडीं शोभते. खुनाच्या कामांत तीच म्हण खुन्याला ढाल होते. साक्षीदाराचा रोज बुडतो, तारखा पडतात, वर दमदाटी होते, हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच सरकारला आमचें सांगणें आहे. 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, चाकणही त्यांतच येतें. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना करणें नव्या कायद्यानें राज्य सरकारवर बंधनकारक केलें आहे. तिची माहिती प्रत्येक ठाण्यांत मराठींत टांगा, आणि साक्षीला आलेल्या मजुराचा रोज बुडूं देऊं नका.

सरकारनें आपलें काम करावें. आपण आपलें करूं. मेलेला मनुष्य आपल्या जातीचा, गांवचा, भाषेचा नसला, तरी त्याच्यासाठीं खरें बोलायला एक तरी मनुष्य प्रत्येक आळींतून उठला पाहिजे.