पहिले काम कोण देणार?

दहावीचे आणि इंटरचे निकाल लागले की मलकपेठेतल्या मराठी घरांतून एकच चर्चा सुरू होते. शेजारीच दिलसुखनगर, तिथे शिकवण्यांच्या वर्गांच्या पाट्या इमारतींच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढलेल्या. कोणत्या वर्गात नाव घालायचे, संगणकाची कोणती शाखा धरायची, एवढेच ठरवायचे बाकी असते. पण दर वर्षी एखाद्या घरात निराळाच प्रश्न उभा राहतो. मुलगी वहीच्या मागच्या पानांवर सारखी पोशाख काढते, मुलगा पत्रिकांचे आणि पुस्तकांचे मजकूर पुन्हापुन्हा नव्या वळणाने लिहून पाहतो, आणि दोघेही म्हणतात की आम्हाला हेच शिकायचे आहे. मी गाण्याचा शिक्षक. तेव्हा कलेशी संबंध असलेल्या सगळ्या शंका लोक माझ्याकडे आणतात. “मास्तर, हौस म्हणून ठीक आहे, पण यावर पोट भरेल का?” हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे.

प्रश्न रास्त आहे. आपली घराणी या शहरात आली ती दफ्तराच्या, वकिलीच्या आणि शिक्षकीच्या आधाराने. ठरलेल्या तारखेला पगार येणे याला आपण प्रतिष्ठा मानली, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कोणी विचारत नाही. मुलाच्या हातात कला आहे की नाही, हे घर पाहते. शिक्षण कुठे मिळेल, हे शाळा सांगते. मात्र शिकून झाल्यावर त्याला पहिले काम कोण देणार? माझ्या मते सारे अडते ते इथेच.

ज्याला हल्ली सर्रास डिझायनर म्हणतात, त्याचे काम चित्रकाराच्या कामाहून वेगळे असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. चित्रकार आपल्या मनातले चित्र काढतो. ते कोणी घेवो न घेवो, चित्र पुरे झालेले असते. डिझायनरचे काम दुसऱ्याच्या गरजेतून जन्मते. पोशाख नटीच्या अंगावर बसला पाहिजे, अक्षर वाचकाच्या डोळ्यांना लागले पाहिजे, खुर्चीवर माणसाला बसता आले पाहिजे. गाण्याच्या भाषेत सांगायचे तर ही साथीची कला आहे. उत्तम तबलजी गवयाची जागा ओळखतो, तिला आधार देतो आणि तरीही स्वतःचा हात लपू देत नाही. साथीची कला घरात एकट्याने बसून पक्की होत नाही. समोर गाणारा लागतो. तसेच डिझायनरला समोर काम देणारा लागतो. त्याशिवाय त्याची विद्या अर्धीच राहते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्यासारख्याच एका संस्थानी शहरातले आहे. २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म झाला. पुढे जग त्यांना भानू अथैया या नावाने ओळखू लागले. वडील अण्णासाहेब स्वतःच्या मेहनतीने चित्रकला शिकलेले. बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांसाठीही त्यांनी काम केले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे अशा हातांचे गाव होते. बाबूरावांनी स्वतः नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते. मग त्यांनी कॅमेरा घडवला, चित्रपट काढले, आणि त्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही आपणच रंगवली. सुतारकाम, रंगकाम आणि कला यांच्यामध्ये तिथे भिंत नव्हती. अशा वातावरणात भानुमतींच्या हाती पेन्सिल आली.

अण्णासाहेब मुलगी लहान असतानाच वारले. भानुमती सात भावंडांतल्या तिसऱ्या. एवढा संसार एकट्या मातेच्या शिरावर, आणि तरीही ही मुलगी चित्रकला शिकायला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत गेली. चाळीसच्या दशकातल्या मराठी घरात हा निर्णय किती कठीण होता, हे आपल्या आज्यांना विचारावे. तिथे त्यांना सुवर्णपदक मिळाले. हुसेन, रझा, सूझा, आरा यांच्या नावांनी गाजलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला आणि १९५३ च्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. चित्रकार म्हणून नाव होण्याची वाट समोर दिसत होती.

पण कोल्हापूरहून आलेल्या मुलीला मुंबईत राहायचे तर दरमहा पैसा हवा होता. म्हणून त्या स्त्रियांच्या इंग्रजी मासिक-साप्ताहिकांसाठी वेशांची रेखाटने करू लागल्या. त्यांतले ‘ईव्ह्‌ज वीकली’ हे नाव जुन्या वाचकांना आठवत असेल. पुढे त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले, तेव्हा तिने या चित्रकार मुलीला सांगितले की तू कागदावर काढतेस तेच कापडावर करून पाहा. भानू अथैयांच्या सगळ्या कारकिर्दीत मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. शिवणकामाच्या क्षेत्रात नाव नसलेल्या एका तरुणीला एका जाणत्या स्त्रीने पहिले काम दिले. ते साधले, नट्या दुकानात येऊ लागल्या आणि तिथून चित्रपटांचा रस्ता उघडला. १९५६ च्या ‘सीआयडी’पासून त्या गुरुदत्तांच्या चित्रसंस्थेशी जोडल्या गेल्या, ‘प्यासा’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ हे त्यानंतरचे. पुढे शंभराहून अधिक चित्रपटांची वेशभूषा त्यांच्या हातून झाली.

आपल्या नाटक मंडळ्यांत याच खात्याला ‘कपडेपट’ म्हणत. कपडेपट सांभाळणाऱ्याचे नाव जाहिरातीत क्वचितच येई. भानू अथैयांनी त्या खात्याला अभ्यासाची बैठक दिली. १९६६ च्या ‘आम्रपाली’साठी त्या अजिंठ्याला गेल्या आणि तिथल्या भिंतींवरच्या आकृतींचे वेश न्याहाळून वैजयंतीमालांचे पोशाख बेतले. हैदराबादकरांना हे विशेष जवळचे वाटावे. कारण अजिंठा तेव्हा नुकतेपर्यंत आपल्याच राज्यात होते, आणि निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांचे मोठाले खंड प्रसिद्ध केले होते. बागे-आममधल्या आपल्या संग्रहालयात त्या चित्रांच्या प्रती आजही पाहायला मिळतात. मुंबईतली वेशभूषाकार ज्यासाठी अजिंठ्यापर्यंत गेली, त्याची प्रत आपल्या घरापासून तासाभरात आहे, आणि आपली मुले शाळेच्या सहलीखेरीज तिथे फिरकत नाहीत.

‘गांधी’ हा चित्रपट १९८२ सालचा. त्यासाठी रिचर्ड अॅटनबरो अनेक वर्षे खटपट करीत होते. भानू अथैयांची निवड मात्र एका छोट्या भेटीतच झाली. काम सोपे नव्हते. १८९३ सालचा सुटाबुटातला बॅरिस्टर, १९१५ साली काठेवाडी वेशात परतलेला पुढारी आणि १९२१ नंतरचा पंचा नेसलेला महात्मा, ही सारी वाटचाल प्रेक्षकाने कपड्यांवरून वाचावी अशी ती योजना होती. नायकाभोवती प्रांताप्रांतांचे लोक. कोणाचे पागोटे कसे, कोणत्या साली खादी अंगावर आली, हे सगळे ठाऊक असावे लागले. ११ एप्रिल १९८३ रोजी जॉन मोलो यांच्या बरोबरीने त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणजे ही कोल्हापूरची मराठी मुलगी. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’ यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आपल्या मागे ऑस्करची बाहुली नीट सांभाळली जाईल की नाही, या चिंतेने २०१२ मध्ये त्यांनी ती अमेरिकेतल्या अकादमीकडेच परत पाठवली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

एवढी कथा सांगितली ती कोणाला ऑस्करचे स्वप्न दाखवण्यासाठी नव्हे. हजारांत एखाद्याला तो मान मिळतो. बाकीच्यांना साध्या कामात, चोख हिशेबात आणि कधी कधी रिकाम्या महिन्यांत दिवस काढावे लागतात. पालकांनी हे डोळ्यांआड करू नये. शिवाय या वाटेची किंमतही असते. भानू अथैया चित्रपटांत रमल्या आणि त्यांच्यातली चित्रकार मागे पडली; बरोबरीच्या चित्रकारांची नावे देशोदेशी गेली तेव्हा त्यांचे नाव त्या यादीत क्वचितच घेतले गेले. या बदलाला कोणी अधोगती म्हणेल. मला तसे वाटत नाही. पंढरपूरला जन्मलेले हुसेन चित्रपटांचे फलक रंगवता रंगवता चित्रकार झाले आणि कोल्हापूरच्या भानुमती चित्रे काढता काढता चित्रपटात गेल्या. वाट दोन्ही दिशांनी चालती आहे. ज्याच्या हाताला काम मिळत राहिले, त्याची कला जिवंत राहिली.

दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे मला या गोष्टीची जाणीव जरा अधिक आहे. दरबारात गवयाला काम मागत हिंडावे लागत नसे. सण ठरलेले, बैठकी ठरलेल्या, तनखा ठरलेला. त्या आश्रयात दोष होते, लहर होती, मानापमान होते. पण नवशिक्या मुलाला मोठ्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसायला मिळे आणि दोन पैसे हातावर पडत. संस्थाने गेली तशी ती सोयही गेली. आता दरबाराच्या जागी कोण आहे? आपणच आहोत. गाणे ऐकणारे, लग्नपत्रिका छापणारे, गणपती बसवणारे, नाटक उभे करणारे आपण सारे आजचे आश्रयदाते आहोत, आणि त्या नात्याने आपले वागणे मला समाधानकारक वाटत नाही.

पाहा ना. आपल्या घरच्या लग्नाची पत्रिका आपण दुकानातल्या नमुन्यांच्या वहीतून निवडतो. तिथे देवनागरीतली जोडाक्षरे तुटकी असली तरी चालवून घेतो. गणेशोत्सवाची आरास कंत्राटदार उभी करतो आणि गेल्या वर्षी दुसऱ्या मोहल्ल्यात होती तीच यंदा आपल्याकडे येते. हौशी नाटकाचे पोशाख भाड्याने येतात. पेशवाई असो की शिवकाल, अंगरखा तोच. आणि याच मंडळींच्या घरात पोशाख काढणारी, अक्षरे घोटणारी मुले बसलेली असतात! त्यांना काम सांगितलेच तर “आपल्याच घरचे कार्य आहे” म्हणून फुकट सांगतात. कंत्राटदाराला रोख आणि घरच्या मुलाला शाबासकी, हा व्यवहार बंद झाला पाहिजे. रक्कम लहान असो. पण ती ठरवून आणि वेळेवर द्यावी. मोबदला मिळाला की मुलाला कळते की दुसऱ्याने आपल्यावर विसंबून काही सोपवले आहे. बेत फसला तर दुरुस्त करावा लागतो, दिलेली तारीख पाळावी लागते. हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही.

शिक्षणाची सोय आता भानुमतींच्या काळाइतकी दुर्मीळ नाही. त्यांना कोल्हापूर सोडावे लागले; आपल्या मुलांना मलकपेठ सोडण्याचीही गरज नाही. माधापूरला राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९९५ पासून आहे. मेट्रोने अमीरपेठला गाडी बदलली की तिकडे जाता येते. मासाब टँकला ललितकलांचे विद्यापीठ आहे, कंदीच्या आयआयटीत या विषयाचा विभाग आहे. प्रवेशपरीक्षा असतात आणि त्यांत पाठांतरापेक्षा निरीक्षण व रेखाटन अधिक तपासले जाते. तेव्हा या मुलांनी रियाजासारखा रोज तासभर हाताने काढले पाहिजे. यंत्र नंतर येतेच. डोळा आणि हात आधी तयार व्हावे लागतात.

आणि पाहण्यासारखे तर आपल्या घरांतच किती आहे! आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येक जण शेरवानी घालून कचेरीत जात आणि घरी आले की धोतर नेसून संध्येला बसत. आज्यांच्या ट्रंकांत पैठणी आहे, औरंगाबादी हिमरू आहे, नऊवारी लुगडी आहेत. मराठवाड्याचा आणि दख्खनी दरबाराचा पोशाख एका घरात कसा नांदला, याचा एवढा पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. दर दिवाळीला त्यातले थोडे थोडे बोहारणीच्या टोपलीत जाते आणि बदल्यात एक पातेले येते. ट्रंक रिकामी करायचीच असेल तर आधी ती त्या चित्र काढणाऱ्या मुलीपुढे उघडावी. तिने काठ, वीण, शिवण यांची रेखाटने करून ठेवावीत, आणि आजीने कोणते वस्त्र कधी नेसत ते तिला सांगावे. मुसीकाठच्या सालारजंग संग्रहालयातली वस्त्रे त्यानंतर पाहिली तर ती तिच्याशी बोलू लागतील.

गणेशोत्सवाला फार दिवस उरत नाहीत, असे दर वर्षी होते. आपल्या मंडळांच्या चालकांना माझी एवढीच सूचना आहे की यंदाच्या आराशीचा, एका नाटकाच्या कपडेपटाचा आणि कार्यक्रमपत्रिकेच्या अक्षरांचा बेत आपल्यातल्या तीन मुलांवर सोपवावा, त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम धरावी आणि पत्रिकेवर त्यांची नावे छापावीत. आरास कदाचित कंत्राटदाराइतकी झगमगणार नाही. पण “पोट भरेल का?” या प्रश्नाचे उत्तर देण्याची सुरुवात आपल्याच हातून झालेली असेल.