विवाहांतील फुलांचा हिशेब

लग्नखर्चाची यादी करितांना सोनें, वस्त्रें, भोजन यांचे आंकडे काटेकोर मांडिले जातात. फुलांपुढें मात्र अंदाजी रक्कम लिहून आपण मोकळे होतों. पुढें नेमकी तीच ओळ यजमानास जड जाते.

फुलांचा भाव प्रथम ऋतूवर ठरतो. मोगरा उन्हाळ्याचा, शेवंती थंडीची. मावळांतील गुलाब १४ फेब्रुवारीच्या सुमारास परदेशीं रवाना होतो. म्हणून त्या दिवसांत तो येथेंही महाग. दाट मुहूर्त असले, कीं सारेंच कडाडतें. शिवाय झेंडू किलोवर मिळाला, तरी तोरणें गुंफणाऱ्यांची मजुरी व वाहतूक निराळी.

गतवर्षीं आमच्या नातीचें लग्न माघांत झालें. वरपक्षानें मोगऱ्याची कमान सुचविली. चिरंजीव कर्ज काढावयास निघाले. मीं व्याहीमंडळींपुढें दोन याद्या ठेविल्या. पहिल्या यादींत दोन हार, मुंडावळ्या, देवपूजेचीं फुलें व सुवासिनींचे गजरे. दुसरींत केवळ शोभा. दोन्हींखालीं बेरीज होती. ती वाचून वरपित्यानें कमानीवर स्वतःच रेघ ओढिली व म्हटलें, "मास्तर, हें आम्हांस आधीं कोणीं सांगितलेंच नाहीं!" गजऱ्यांऐवजीं शेवंतीच्या वेण्या आल्या, त्यांत कोणास उणें वाटलें नाहीं.

तात्पर्य, तिथि ठरतांच ऋतूचीं फुलें निवडावीं. विधीचीं व शोभेचीं वेगळीं मोजावीं. मजुरीसह दर लेखी घ्यावा. आणि बेरीज उभयपक्षांनीं एकत्र बसून वाचावी. संकोचानें न बोललेला आंकडाच वधूपित्यास कर्जांत लोटतो.